चौकट नसलेली विंडो, पण टास्कबारवर बटण हवंच. कसं जमवायचं?

अर्धवट_लूप
मंडळी, पायथनमध्ये टीकेइंटर (विंडो-बटणं बनवायची लायब्ररी, म्हणजे टूलकिट; थोडक्यात टीके) वापरून एक छोटा टायमर लिहितोय. काळी पार्श्वभूमी, मोठे आकडे, बाकी काही नाही. त्या रूपावर वरची टायटल पट्टी अगदीच विजोड दिसत होती म्हणून रूट विंडोवर ओव्हरराइडरिडायरेक्ट(ट्रू) लावलं. पट्टी गेली, कडा गेल्या आणि त्यांच्यासोबत टास्कबारवरचं बटणही गेलं! आल्ट-टॅबच्या यादीतही पत्ता नाही. टायमर चालू असताना ब्राउझर पुढे आला की टायमर त्याच्याखाली गाडला जातो, आणि तो वर काढायचा तर बाकीच्या विंडो एकेक करून मिनिमाइझ करत बसायचं.

'कायम सगळ्यांच्या वर' हा पर्याय नकोय. तो आकडा सतत डोळ्यासमोर असला की काम सुचत नाही. आयकॉनिफाय (मिनिमाइझ) करून बघितलं तर टीके सरळ एरर फेकतं की ओव्हरराइड-रिडायरेक्ट लागलेलं असताना आयकॉनिफाय करता येणार नाही.

तर विंडोज ११ वर चौकट काढून बटण राखता येतं का? आणि टीकेइंटर सोडून दुसरं टूलकिट घेतलं तर हा त्रास वाचेल का?

उगाच_आपलं
राहू द्या की ती पट्टी. तिनं तुमचं काय घोडं मारलंय?

जुनाजाणता
टास्कबारचा नियम एकदा समजून घ्या, मग कुठलंही टूलकिट घ्या, अडणार नाही.

विंडोजचा शेल (टास्कबार सांभाळणारा भाग) बटण कोणाला देतो? जी टॉप-लेव्हल विंडो दिसते आहे, जिला कोणी ओनर (मालक विंडो) नाही आणि जिच्या एक्स्टेंडेड स्टाइलमध्ये (विंडोच्या जादा गुणांची नोंद) 'टूलविंडो' हा फ्लॅग नाही, तिला. ओनर असला तर बटण नाही. टूलविंडो असला तर बटण नाही आणि आल्ट-टॅबही नाही. उलट 'ॲपविंडो' हा फ्लॅग लावलात तर ओनर असतानाही बटण मिळतं. झाला नियम. यात चौकटीचा उल्लेख कुठे आला का? नाही ना? तुमचं बटण चौकटीपायी गेलेलंच नाही. टीके ओव्हरराइडरिडायरेक्ट लावताना गुपचूप टूलविंडो चिकटवतं, त्यापायी गेलं.

उपाय असा. विनफो_आयडी जे हँडल (विंडोचा ओळखक्रमांक) देतं ते आतल्या विंडोचं असतं. त्यावर गेटपॅरेंट चालवून बाहेरच्या वेष्टनाचं हँडल घ्या. गेटविंडोलाँगला उणे २० दिलं की एक्स्टेंडेड स्टाइल हाती येते. त्यातून टूलविंडोचा बिट काढा (हेक्समध्ये ८०), ॲपविंडोचा घाला (हेक्समध्ये ४००००), परत लिहा. हे करण्याआधी विंडो विथड्रॉ करा (लपवा) आणि झाल्यावर डीआयकॉनिफाय करा (परत दाखवा). दिसत्या विंडोचा फ्लॅग नुसता बदलला तर शेलला त्याची खबर लागत नाही, म्हणून ही लपवाछपवी. आणि हे सगळं आफ्टर वापरून थोडं उशिरा करा. विंडो पडद्यावर येण्याआधी केलंत तर वाया जातं.

टिंब_टिंब
वाचनखूण साठवली.

कंसातली_मी
जुनाजाणता, नियम चोख मांडलात. विनफॉर्म्स या .नेटच्या टूलकिटमध्ये हाच प्रकार अगदी सोपा आहे, फॉर्मबॉर्डरस्टाइल नन केलं तरी शोइनटास्कबार मुळातच ट्रू असतं, त्यामुळे बटण आपोआप राहतं. गंमत पुढे सुरू होते. त्या बटणावर क्लिक केलं की विंडो पुढे येते, पण पुन्हा क्लिक केल्यावर मिनिमाइझ व्हायला हवी ती होत नाही. ढिम्म. कारण चौकट काढताना फ्रेमवर्कनं मिनिमाइझबॉक्सचा स्टाइल बिटही काढलेला असतो. क्रिएटपॅराम्स ओव्हरराइड करून स्टाइलमध्ये हेक्स २०००० मिळवा, म्हणजे बटण शहाण्यासारखं वागतं. ८०००० मिळवलात तर सिस्टम मेनूही परत येतो.

एक सांभाळा, तेच हेक्स २०००० स्टाइलऐवजी क्लासस्टाइलमध्ये घातलं तर त्याचा अर्थ 'सावली पाड' असा होतो. इंटरनेटवरचे अर्धे तुकडे या दोन ओळींची खिचडी करतात, आणि मग "मिनिमाइझ होत नाही पण सावली मस्त आली" अशा तक्रारी वाचायला मिळतात.

उगाच_आपलं
म्हणजे मिनिमाइझ मागावं आणि सावली मिळावी. नशीब म्हणतात ते हेच.

पेंग्विनप्रेमी
इकडे लिनक्सवर ओव्हरराइड-रिडायरेक्ट म्हणजे शब्दशः 'विंडो मॅनेजरनं (विंडोंची मांडणी आणि सजावट बघणारा प्रोग्राम) माझ्यात लक्ष घालू नये'. एक्स११ या लिनक्सच्या जुन्या पडदा-प्रणालीत ही सोय टूलटिप आणि पॉपअप मेनूंसाठी आहे. अशी विंडो टास्कबारवर येणार नाही, वर्कस्पेस बदलली तरी हलणार नाही, आणि कीबोर्डचा फोकसही तिला मॅनेजरकडून मिळणार नाही. टायमरमध्ये मिनिटं टाइप करायची असतील तर बसा बोंबलत. :)

योग्य रस्ता म्हणजे विंडो मॅनेजरला सांगायचं की विंडो तुझीच, फक्त सजावट करू नकोस. त्यासाठी मोटिफ डब्ल्यूएम हिंट्स नावाची प्रॉपर्टी आहे, तिच्यातलं डेकोरेशन शून्य करायचं. मोटिफ हे टूलकिट केव्हाच मागे पडलं, पण ही प्रॉपर्टी अजून बहुतेक मॅनेजर पाळतात. क्यूटी टूलकिटचा फ्रेमलेसविंडोहिंट आणि जीटीके टूलकिटचं सेट_डेकोरेटेड एक्स११ वर हेच करतात.

वेलँडवर (एक्स११ ची जागा घेणारी प्रणाली) वेगळीच तऱ्हा. तिथे विंडोला स्वतःची जागाच ठरवता येत नाही, त्यामुळे 'माउस हलला की एक्स-वाय बदल' हा सगळ्यांचा आवडता ड्रॅगचा कोड तिथे चालतच नाही. कंपोझिटरला (तिथला विंडो मॅनेजर) विनंती करायची की मला ओढायला सुरुवात कर. क्यूटी ५.१५ पासून स्टार्टसिस्टममूव्ह आणि स्टार्टसिस्टमरिसाइझ आहेत, तेच वापरा.

पिक्सेलपुराण
जुनाजाणता यांचा उपाय चालतो, पण मला तो पटत नाही. आधी टीकेला "मला टूलविंडो कर" म्हणायचं, मग पाठीमागून जाऊन तो फ्लॅग खरवडायचा. शिवाय टीकेनं कधी वेष्टन नव्यानं बांधलं की तुमची खरवड गेली. ओव्हरराइडरिडायरेक्ट एकदा बंद करून पुन्हा चालू केलं तरी नवं वेष्टन तयार होतं, नवं हँडल, सगळं पहिल्यापासून. आयकॉनिफायसाठी लोक हीच बंद-चालू युक्ती वापरतात, म्हणजे प्रत्येक मिनिमाइझनंतर पुन्हा तोच खटाटोप.

पेंग्विनप्रेमींनी सांगितलेलं तत्त्व विंडोजवरही लावा ना. विंडो साधी, संपूर्ण, ओव्हरलॅप्ड प्रकारची ठेवा. कॅप्शन (टायटल पट्टी), थिकफ्रेम (ओढून आकार बदलायची कड), सिस्टम मेनू, मिनिमाइझ, मॅक्सिमाइझ सगळे बिट जागच्या जागी. फक्त डब्ल्यूएम_एनसीकॅल्कसाइझ हा (चौकटीला किती जागा ते विचारणारा) मेसेज आला की शून्य परत करा. त्याचा अर्थ 'माझ्या चौकटीला जागा शून्य, सगळा आयत क्लायंटचा, म्हणजे मजकुराचा'. विंडोजच्या लेखी तुमच्याकडे चौकट आहे, त्यामुळे टास्कबार, मिनिमाइझचं ॲनिमेशन, कडेला नेऊन अर्धा पडदा व्यापणं, सगळं चालू. डोळ्यांना मात्र चौकट दिसत नाही. सावलीसाठी डीडब्ल्यूएमएक्स्टेंडफ्रेमइंटूक्लायंटएरिया बोलवून एका बाजूला एक पिक्सेल मार्जिन द्या.

नुसता कॅप्शन बिट काढून थिकफ्रेम ठेवणारे पण आहेत. त्यांच्या विंडोच्या माथ्यावर काही पिक्सेलांची एक फिकट पट्टी उरते आणि ती का आली हे शोधण्यात दुपार जाते.

जुनाजाणता
पिक्सेलपुराण, तत्त्व मान्य. पण ते टीकेइंटरमधून एनसीकॅल्कसाइझ पकडणार कसे? सीटाइप्सनं (पायथनमधून सी फंक्शनं बोलवायची सोय) विंडो प्रोसिजर, म्हणजे विंडोचे मेसेज हाताळणारं फंक्शन, बदलायची, म्हणजे पायथनचं फंक्शन विंडोजच्या गळ्यात बांधायचं. त्या कॉलबॅकचा रेफरन्स कुठेतरी जपून ठेवला नाही तर गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी साफ करणारा) तो उचलतो आणि प्रोग्राम कुठलाही निरोप न देता कोसळतो. ६४-बिटवर आर्ग्युमेंटचे प्रकार नीट जाहीर केले नाहीत तर पॉइंटर अर्धा कापला जातो. एका टायमरसाठी एवढं?

माझा उपाय दहा-बारा ओळींत संपतो. टायमर आहे हो, फोटोशॉप नाही.

पिक्सेलपुराण
मग मधला मार्ग घ्या. ओव्हरराइडरिडायरेक्ट लावूच नका. साधी टीके विंडो, तिच्या वेष्टनाच्या स्टाइलमधून (उणे १६) कॅप्शन आणि थिकफ्रेम दोन्ही काढा आणि सेटविंडोपॉसला फ्रेमचेंज्ड फ्लॅग देऊन बोलवा. त्या फ्लॅगशिवाय विंडोज चौकटीचा हिशेब नव्यानं करत नाही. टूलविंडो कधी लागतच नाही, त्यामुळे बटण शाबूत. आयकॉनिफायही चालतं, कारण टीकेच्या दृष्टीनं ही साधी विंडोच आहे. सावली आणि ॲनिमेशन जाईल, टायमरला चालून जावं. फक्त आकार तपासून घ्या, टीके अजून जुन्या कडा धरून हिशेब करत असेल.

स्पर्शरेषा
सगळे रूपाबद्दल बोलताय म्हणून मुद्दाम लिहिते. मी बराचसा वेळ कीबोर्डवरूनच काम करते. चौकटविरहित विंडोंची माझी तक्रार अशी की बनवणारा माउसपुरता विचार करतो. आल्ट-स्पेस दाबलं की मेनू यायला हवा आणि त्यातल्या 'मूव्ह' नं बाण वापरून विंडो हलवता यायला हवी. सिस्टम मेनूचा बिट काढला की हे सगळं बंद. आल्ट-एफ४ तेवढं बहुधा चालतं.

दुसरं, पट्टी दिसत नाही म्हणून टायटल रिकामं ठेवणारे महाभाग. टास्कबारच्या बटणावर, आल्ट-टॅबमध्ये आणि स्क्रीन रीडरच्या तोंडी तेच टायटल असतं. रिकामं ठेवलं तर ऐकणाऱ्याला विंडो कसली ते कळणारच कसं? टायमर असेल तर उरलेला वेळच टायटलमध्ये टाका. मिनिमाइझ असतानाही बटणावर माउस नेला की दिसेल.

अर्धवट_लूप
उरलेला वेळ टायटलमध्ये! हे सुचलंच नव्हतं. लगेच करतो.

बाराखडी
या धाग्यावर व्हीबी६ (व्हिज्युअल बेसिक ६) ची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तिथे बॉर्डरस्टाइल नन केलं की प्रॉपर्टी खिडकीत शोइनटास्कबार आपोआप फॉल्स व्हायचं, ते पुन्हा हातानं ट्रू करायचं. आणि डेल्फीत तर त्याहून मजा. बटण फॉर्मचं नसायचंच, मागे ॲप्लिकेशन नावाची एक अदृश्य विंडो असायची तिचं असायचं. फॉर्मवर काहीही करा, बटण त्या अदृश्य बाईचं. डेल्फी २००७ मध्ये मेनफॉर्मऑनटास्कबार आलं तेव्हा सुटका झाली.

उगाच_आपलं
अदृश्य मालकीण आणि हुकूम तिचाच. ओळखीचं वाटतंय, पण बोलत नाही.

कंसातली_मी
@बाराखडी, ती बाई अजून निवृत्त झालेली नाही. :) विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफमध्ये (.नेटचंच दुसरं टूलकिट) शोइनटास्कबार फॉल्स केलं की फ्रेमवर्क आतून एक लपलेली विंडो बनवतं आणि तिला ओनर करतं. जुनाजाणतांच्या नियमातला 'ओनर असेल तर बटण नाही' हा भाग.

डब्ल्यूपीएफवाल्यांसाठी: विंडोस्टाइल नन आणि अलाउजट्रान्स्परन्सी ट्रू ही जोडी सगळीकडे सापडते. कोपरे गोल करण्यापुरती ती लावू नका. तिच्यानं विंडो लेयर्ड प्रकारची होते, रेंडरिंग मंदावतं आणि सावलीही हातानं काढावी लागते. .नेट ४.५ पासून विंडोक्रोम फ्रेमवर्कमध्येच आहे आणि तो आतून पिक्सेलपुराण म्हणाले तोच एनसीकॅल्कसाइझचा खेळ करतो. बटणांवर इजहिटटेस्टव्हिजिबलइनक्रोम लावायला विसरू नका, नाहीतर बंद करायला जाल आणि विंडो ओढली जाईल. विंडोज ११ वर गोल कोपरे हवेत तर डीडब्ल्यूएमसेटविंडोॲट्रिब्यूटला ३३ क्रमांकाचा गुणधर्म आणि किंमत २ द्या.

शेपटीविना
माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. सी++ मध्ये अशीच विंडो केली आहे, एनसीहिटटेस्टमध्ये (माउस विंडोच्या कुठल्या भागावर आहे ते विचारणारा मेसेज) वरच्या भागासाठी एचटीकॅप्शन, म्हणजे 'ही टायटल पट्टी', परत करतो. मुख्य मॉनिटरवर सगळं सुरळीत. दुसरा मॉनिटर डावीकडे लावलाय, तिथे विंडो नेली की ती धरताच येत नाही, जणू माउस तिच्यावर नाहीच. उजवीकडे लावला तर चालतं! मॉनिटर बिघडलाय असं म्हणायचीही सोय नाही.

पिक्सेलपुराण
एलपॅरॅममधून (मेसेजसोबत येणारी किंमत) एक्स काढताना लोवर्ड वापरताय ना? मुख्य मॉनिटरच्या डावीकडचे निर्देशांक ऋण असतात आणि लोवर्ड चिन्ह खातो. उणे १०० चे ६५४३६ होतात आणि तुमचा कोड म्हणतो माउस विंडोच्या बाहेर आहे. गेट_एक्स_एलपॅरॅम वापरा, वायसाठीही त्याचा जोडीदार.

शेपटीविना
चाललं! दंडवत स्वीकारा.

बाराखडी
आता मॅक्सिमाइझचंही कोणीतरी सांगून टाका. चौकट नसलेली विंडो मॅक्सिमाइझ केली की टास्कबारच झाकून टाकते. बटण राखायला एवढी लढाई केली आणि शेवटी बटणासकट अख्खी पट्टी गायब.

पिक्सेलपुराण
दोन वेगळे रोग आहेत, औषधंही वेगळी.

कॅप्शन बिट काढलेला असेल तर विंडोज मॅक्सिमाइझ करताना अख्खा मॉनिटर देतं. तिथे गेटमिनमॅक्सइन्फो मेसेजमध्ये कमाल आकार हातानं द्यायचा. गेटमॉनिटरइन्फो दोन आयत देतं, आरसीमॉनिटर म्हणजे पूर्ण पडदा आणि आरसीवर्क म्हणजे टास्कबार वगळून उरलेला. आकार आरसीवर्कचा घ्या. जागा देताना मात्र आरसीवर्कच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यातून आरसीमॉनिटरचा कोपरा वजा करा. थेट आरसीवर्कचे आकडे दिले तर पहिल्या मॉनिटरवर चालतं आणि दुसऱ्यावर विंडो भलतीकडे जाऊन पडते.

बिट ठेवून एनसीकॅल्कसाइझ खाल्लं असेल तर उलटा प्रकार. मॅक्सिमाइझ झालेली साधी विंडो मुळातच पडद्याबाहेर थोडी सांडते, म्हणजे तिच्या कडा दिसत नाहीत. १०० टक्के स्केलवर प्रत्येक बाजूला ८ पिक्सेल, ४ साइझफ्रेमचे आणि ४ पॅडेडबॉर्डरचे. तुम्ही चौकटीची जागा शून्य केली की तुमचा मजकूरच त्या ८ पिक्सेलांत बाहेर सांडतो आणि वरच्या कोपऱ्यातलं बंद करण्याचं बटण कापल्यासारखं दिसतं. विंडो मॅक्सिमाइझ असेल तेव्हा तेवढं आत घ्या. पण ८ हा आकडा कोडमध्ये कोरू नका, स्केल बदललं की तोही बदलतो. गेटसिस्टममेट्रिक्सफॉरडीपीआय वापरा.

आणि आपोआप लपणारा टास्कबार असेल तर त्या कडेला एक पिक्सेल मोकळा सोडा. विंडोनं पडदा काठोकाठ भरला की शेलला वाटतं फुल-स्क्रीन काहीतरी चाललंय, आणि माउस कितीही खाली नेला तरी टास्कबार वर येत नाही. कुठल्या कडेला लपलाय ते एसएचॲपबारमेसेजला विचारता येतं.

उगाच_आपलं
एका पिक्सेलवरून रुसणारा टास्कबार. माझीच पट्टी बरी, मी मागेच म्हणालो होतो.

जुनाजाणता
उगाच_आपलं, गेमवाले याच रुसव्याचा फायदा घेतात. 'बॉर्डरलेस फुल-स्क्रीन' म्हणजे दुसरं काय? चौकट नसलेली, मॉनिटरएवढी विंडो. टास्कबार आपणहून बाजूला होतो, आल्ट-टॅब मात्र झटकन चालतं, कारण पडद्याचा मोड बदललेलाच नसतो.

पेंग्विनप्रेमी
जावावाल्यांसाठी एक ओळ: जेविंडो घेऊ नका, तिला बटण मिळत नाही. जेफ्रेम घ्या आणि सेटअनडेकोरेटेड(ट्रू) विंडो दाखवण्याआधी करा, नंतर केलं तर एक्सेप्शन.

टिंब_टिंब
आणि इलेक्ट्रॉन (वेब पानांसारखी डेस्कटॉप ॲप बनवायचं)?

कंसातली_मी
फ्रेम: फॉल्स. टास्कबारचं बटण जागच्या जागी राहतं, स्किपटास्कबारला हात लावू नका म्हणजे झालं. ओढण्यासाठी सीएसएसमध्ये ॲप-रीजन: ड्रॅग. त्या पट्ट्यात जी बटणं असतील त्यांना नो-ड्रॅग द्यावंच लागतं. ड्रॅगच्या भागातले माउस इव्हेंट पानापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे 'क्लिक का होत नाही' म्हणून जावास्क्रिप्टमध्ये कितीही शोधा, काही सापडणार नाही.

अर्धवट_लूप
मंडळी, मधला मार्ग लावला. ओव्हरराइडरिडायरेक्ट उडवलं, दोन्ही बिट काढले, फ्रेमचेंज्ड दिलं. टास्कबारवर बटण आहे, आल्ट-टॅबमध्ये आहे, बटणावर पुन्हा क्लिक केलं की मिनिमाइझही होतं. टायटलमध्ये उरलेला वेळ पळतोय. ओढण्यासाठी माउस दाबला की रिलीजकॅप्चर आणि मग एनसीएलबटनडाउन हा मेसेज एचटीकॅप्शन देऊन पाठवतो, ओढणं विंडोजच सांभाळतं. जुनाजाणता, तुमचा उपायही आधी चालवून बघितला होता. चालला, पण मिनिमाइझनंतर बटण पुन्हा जात होतं, पिक्सेलपुराण म्हणाले तसंच.

एकच कुसळ राहिलंय. बटणावर माझा आयकॉन न येता पायथनचा येतो, आणि पायथनची दुसरी स्क्रिप्ट चालू असेल तर दोघं एकाच बटणाखाली गोळा होतात.

जुनाजाणता
मिनिमाइझचा मुद्दा कबूल, तुमच्या कामाला तो दुसराच मार्ग बरा.

आयकॉनचं असं की विंडोज ७ पासून टास्कबार बटणं ॲपयूजरमॉडेलआयडीवरून (ॲपची ओळख सांगणारी स्ट्रिंग) एकत्र करतो. तुम्ही दिला नाहीत तर तो प्रोसेसवरून ठरतो, आणि प्रोसेस पडली पायथनची. शेल३२ मधलं सेटकरंटप्रोसेसएक्सप्लिसिटॲपयूजरमॉडेलआयडी बोलवा आणि स्वतःची एखादी ठिपकेवाली स्ट्रिंग द्या. पहिली विंडो तयार होण्याआधी, म्हणजे टीके() च्याही वर. मग आयकॉनबिटमॅपनं .आयसीओ फाइल लावा.

स्पर्शरेषा
@अर्धवट_लूप, टायटल दर सेकंदाला बदलत असशील तर मिनिटाला एकदा कर. काही स्क्रीन रीडर पुढच्या विंडोचं टायटल बदललं की दर वेळी वाचून दाखवतात. शेवटच्या मिनिटात सेकंद दाखवले तर हरकत नाही.

उगाच_आपलं
शेवटचं मिनिट वाचून दाखवणारा टायमर? तो तर मलाही हवाय. पट्टी लावून मिळेल का?